काचेवरचा थर पाहून सौदा करा

आमचा धंदा कापडाचा, त्यामुळे ऊन हा आमचा जुना दुश्मन. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत 1990 च्या दशकात फ्लोट काचेचा मोठा कारखाना उभा राहिला. साधी काच तर आपल्या परिचयाची आहे, पण उष्णता रोखणाऱ्या काचेचा भाव तिच्यावरच्या थरांवर ठरतो. दुकानदार व काच-कारागीर बांधवांनी हे समजून घ्यावे.

एका प्रकारात तापलेल्या काचेवरच कथिलाच्या ऑक्साइडचा थर चढवतात. तो टणक असतो, सहज खरवडला जात नाही.

दुसऱ्या प्रकारात निर्वात पोकळीत आधी ऑक्साइड, मग चांदी, वर पुन्हा ऑक्साइड बसवतात. चांदी साधारण 10 ते 15 नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाख भागांपैकी दहा-पंधरा भाग. खालचे झिंक ऑक्साइड अस्तरासारखे चांदीला सलग बसवते. वरचा थर तिला जपतो. दोन्ही मिळून आरशासारखी चमक कमी करतात. उजेड आत येतो, उष्णता परत फिरते. ऑक्साइडची जाडी किंचित बदलली तरी काचेची छटा बदलते. म्हणून सगळी काच एकाच लॉटची घ्यावी.

दमट हवेत चांदी खराब होते. ही काच दोन काचांच्या बंद जोडीतच, लेप आत ठेवून बसवावी. कडेचा लेप आधी घासून काढावा.

मात्र उष्णता अडली म्हणजे कापडाचा रंग वाचला, असे नाही. अतिनील किरणांसाठी मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असलेली लॅमिनेटेड काच लागते. थराचा प्रकार बिलावर लिहून घ्या, मगच पैसे मोजा.