वाट वळली, फूल वाचले

अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात वॉशिंग्टन पर्वतानजीकच्या उघड्या, खडकाळ माथ्यावर ‘रॉबिन्स सिंकफॉइल’ नावाचे चिमुकले पिवळे फूल उमलते. या राज्यातील डोंगरांखेरीज ते जगात कोठेही रानात आढळत नाही. नाण्याएवढा पानांचा झुबका आणि खडीत खोल गेलेले सोटमूळ, एवढाच त्याचा संसार! जेथे वृक्ष तग धरीत नाहीत तेथे या रोपाने हिमवारा सोसला. माणसाची आवड मात्र त्याला सोसवेना. एकोणिसाव्या शतकात वनस्पतिसंग्राहकांनी रोपे उपटून नेली. शिवाय १८१९ साली आखलेली क्रॉफर्ड पाऊलवाट नेमकी त्याच्या वस्तीतून जात असल्याने उरलेली रोपे गिर्यारोहकांच्या बुटांखाली तुडवली गेली.

१९८० साली सरकारने या वनस्पतीला संकटग्रस्त म्हणून कायद्याचे संरक्षण दिले. पुढे पाऊलवाट बाजूला वळविण्यात आली, वस्तीभोवती दगडांचा ठेंगणा बांध घातला गेला आणि बियांपासून वाढविलेली रोपे डोंगरावर लावण्यात आली. रोपांची संख्या चौदा हजारांवर गेली, तेव्हा २००२ साली संकटग्रस्तांच्या यादीतून तिचे नाव वगळण्यात आले.

गिर्यारोहकांना थोडा वळसा पडला खरा. परंतु तेवढ्या मोलाने एक जात पृथ्वीवर टिकली.