फोम किती लागेल? पेटीवरच्या आकड्यावर जाऊ नका

न्यू जर्सीत जुनं घर घेतलं की पहिल्याच हिवाळ्यात कळतं, वारा कुठून शिरतो ते. आमच्याकडे तो तळघरातून यायचा. काँक्रीटची भिंत संपून लाकडी घर सुरू होतं, त्या सांध्यावर घराला वळसा घालणारी एक फळी असते. तिला इथे रिम जॉइस्ट म्हणतात. तिथे हात धरला की बोटं गार पडायची. नोव्हेंबरातल्या एका शनिवारी दोन सिलिंडरवाली फोमची पेटी आणली, सकाळी कामाला लागलो आणि तिसऱ्या कोपऱ्याच्या अलीकडेच बंदुकीतून नुसती हवा यायला लागली. हिशेब मी दोनदा तपासला होता. तेव्हापासून ओळखीतलं कुणी घरात फोम मारायचं म्हटलं की आधी मला फोन करतं, आणि प्रत्येकाच्या डोक्यात तेच तीन-चार गैरसमज असतात.

“घर दीड हजार स्क्वेअर फूट आहे, किती फोम घेऊ?”

या प्रश्नाला उत्तरच नाही. फोम मोजतात बोर्डफुटांत. एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक इंच जाड एवढा थर म्हणजे एक बोर्डफूट. माप मूळचं लाकडाच्या वखारीतलं. चौरस फूट क्षेत्रफळाचे, बोर्डफूट घनफळाचे. मध्ये इंच आले नाहीत तर हिशेब सुरूच होत नाही. आपल्याकडे ‘ब्रास’ या शब्दाने असाच घोळ होतो. वाळू-खडीचा ब्रास 100 घनफूट, गिलाव्याचा ब्रास 100 चौरस फूट. शब्द एक, मापं दोन. वाळूच्या एका ब्रासात 1200 बोर्डफूट बसतात.

आमचं घर 40 बाय 28 फुटांचं, म्हणजे घेर 136 फूट. फळीची उंची सव्वानऊ इंच. क्षेत्रफळ झालं साधारण 105 चौरस फूट. दोन लांब बाजूंना तुळया येऊन टेकतात, त्यांच्या जाडीची जागा वजा केली तर 99. थर दोन इंचांचा, म्हणजे 198 बोर्डफूट. पेटीवर छापलं होतं 200. आणखी काय हवं होतं?

“200 लिहिलंय म्हणजे 200 निघणारच”

इथेच माझी फसगत झाली. तो आकडा आदर्श परिस्थितीतला असतो. पेटीत दोन रसायनं असतात, ‘ए’ आणि ‘बी’. ती नळीच्या तोंडाशी एकत्र येतात, तापतात आणि फुगतात. पण हे फुगणं तापमानावर अवलंबून असतं. थंडीत इडलीचं पीठ वर येत नाही, तसंच. सिलिंडरातल्या मालाचं वजन तेवढंच राहतं, फेस मात्र कमी येतो आणि घट्ट बसतो. सिलिंडर आतून 75 ते 85 अंश फॅरेनहाइट, म्हणजे सुमारे 24 ते 29 सेल्सिअस असायला हवेत. माझे रात्रभर गॅरेजमध्ये पडून होते. बाहेरचा पत्रा कोमट लागला म्हणजे आतला माल कोमट झाला असंही नाही. एक-दोन दिवस उबदार खोलीत ठेवावे लागतात. ज्या लाकडावर फवारायचं तेही गार असलं की पहिला थर धड फुगत नाही.

वाया जाणारा माल वेगळाच. नळीचं तोंड अर्धा मिनिट थांबलं की आतला फोम घट्ट होतो आणि तोंड बदलावं लागतं. नवखा माणूस शिडी सरकवायला थांबतो, चष्मा पुसायला थांबतो. शिवाय हात सारखा बसत नाही. दोन इंच मारायचे तिथे कुठे अडीच, कुठे तीन होतात. म्हणून घरी स्वतः काम करणाऱ्याने कागदावरच्या आकड्यात निदान 20 टक्के वाढवावेत. 198 ला 240 धरायला हवे होते.

“माळ्याचं छप्पर म्हणजे खालच्या खोलीएवढंच”

छप्पर उतरतं, जमीन नाही. 12 इंच आडवं गेल्यावर 6 इंच चढ असेल, तर खालच्या 1000 चौरस फुटांवर छप्पर 1118 भरतं. 12 ला 12 चढ असला तर 1414.

“ओपन सेल स्वस्त पडतो”

फोम दोन प्रकारचा: आतले बुडबुडे उघडे राहतात तो ओपन सेल, बंद राहतात तो क्लोज्ड सेल. बोर्डफुटाचा भाव पाहिला तर ओपन सेल स्वस्त पडतो. पण विकत घ्यायचा तो उष्णतारोध, इथल्या भाषेत आर-व्हॅल्यू. क्लोज्ड सेल इंचाला साधारण साडेसहा देतो, ओपन सेल 3.7 च्या आसपास. आर-30 हवा असेल तर क्लोज्ड 4.6 इंच लागेल, ओपन 8.1 इंच. त्याच 1118 चौरस फुटांच्या छपरासाठी एक सुमारे 5,100 बोर्डफूट, दुसरा 9,000. त्यातून ‘2 बाय 8’ म्हणवणारा वासा प्रत्यक्षात सव्वासात इंचच खोल असतो. ओपन सेल त्यात मावायचा नाही. दोन कोटेशनं शेजारी ठेवताना बोर्डफुटाचा भाव झाका आणि आर-30 ला एकूण किती डॉलर ते विचारा.

जाडीचंही तेच. एक इंचाचे दोन केले की त्या थरातून जाणारी उष्णता निम्मी होते. चाराचे पाच केले तर उरलेल्यातला फक्त पाचवा हिस्सा कमी होतो, पैसे मात्र पूर्ण इंचाचे जातात. आणि क्लोज्ड सेल एका दमात दोन इंचांहून जाड मारू नये. आत उष्णता कोंडून थर करपतो, क्वचित पेटतोही. काम चालू असताना मुलाबाळांना घराबाहेर ठेवा आणि स्वतः योग्य फिल्टरचा मास्क लावा. ‘ए’ सिलिंडरातलं आयसोसायनेट दम्याला निमंत्रण देणारं आहे.

महाराष्ट्रात शेडच्या पत्र्याला किंवा गच्चीला फोम मारून घेणाऱ्यांना हाच प्रश्न मिलिमीटरात पडतो. भाव चौरस मीटरचा सांगतात. जाडी किती आणि घनता किती ते कोटेशनवर लिहून घ्या. पन्हळी पत्रा टेपने सरळ मोजला तर कमी भरतो. तीन इंचांवर लाट आणि पाऊण इंच खोली असली की खरा पृष्ठभाग 13-14 टक्के जास्त असतो. काम झाल्यावर खूण केलेली तार पाच-सहा ठिकाणी खुपसून पाहा.

आमच्या तळघराला शेवटी दोन पेट्या लागल्या. दुसरीतला बराच माल उरला, आणि एकदा उघडलेली पेटी महिन्याच्या आत संपवावी लागते.