१८०४ : सर्बांचा उठाव आणि कोपरगावच्या विहिरी

राहुरीहून मनमाड रस्त्याला लागले की कोल्हार, बाभळेश्वर, राहाता, शिर्डी मागे टाकून कोपरगाव येते. गोदावरीकाठचे हे गाव इतिहासाच्या पुस्तकांत येते ते राघोबादादा पेशव्यामुळे. त्याचा वाडा सर्वांना ठाऊक असतो. ह्याच गावाविषयी १८८४ साली छापलेल्या अहमदनगर जिल्ह्याच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) सरकारी गॅझेटियरात आणखी एक नोंद आहे. १८०४ साली पेशव्यांचा खानदेश-बागलाणचा सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण याने सात हजार भिल्लांना भूल देऊन कोपरगावी आपल्या कबजात घेतले आणि त्यांतल्या बहुतेकांना दोन विहिरींत टाकले.

नोंद एवढीच. सात हजार हा आकडा फुगलेला असेल. दोन विहिरींत किती माणसे मावतील याचा हिशेब कोणालाही करता येतो. पण त्याचा दहावा हिस्सा धरला तरी ती आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातली एक भयंकर कत्तल ठरते. त्याआधीच्या दोन वर्षांत होळकरांच्या फौजांनी मुलूख उजाड केला होता, त्यावर दुष्काळ पडला होता. गावची राखण आणि घाटांची चौकी हे ज्यांचे परंपरेचे काम होते, ते भिल्ल लुटीकडे वळले होते. राज्यकर्त्यांना त्यावर सुचलेला उपाय म्हणजे ह्या विहिरी.

ह्या नोंदीशेजारी मला दुसरी एक कत्तल ठेवायची आहे. ती आपल्यापासून हजारो मैलांवर, युरोपातल्या बेलग्रेड शहराच्या आसपासच्या खेड्यांत झाली. साल मात्र तेच, १८०४. तिच्यातून एक उठाव झाला, उठावातून पुढे एक राष्ट्र उभे राहिले, आणि आज तिथली शाळकरी पोरेही ती कत्तल नावानिशी सांगतात. कोपरगावची कत्तल कोपरगावच्या पोरांना का सांगितली जात नाही, हा आपला प्रश्न आहे. सर्बांचा इतिहास येथे सांगायचा तो ह्या प्रश्नासाठी.

सर्ब हे बाल्कन प्रदेशातले स्लाव वंशाचे लोक. त्यांचे मध्ययुगात स्वतःचे राज्य होते. १३८९ साली कोसोवोच्या मैदानावर ओटोमन तुर्कांशी त्यांची लढाई झाली. तीत सर्बांचा राजा लाझार आणि सुलतान मुराद दोघेही मारले गेले. १४५९ मध्ये स्मेदेरेवोचा किल्ला पडला आणि उरलेसुरले राज्यही बुडाले. त्यानंतर साडेतीन शतके सर्ब शेतकरी सुलतानाचा 'राया' होता. हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. ज्या अरबी शब्दावरून आपली 'रयत' आली, त्यावरूनच तो 'राया'ही आला. ह्या ख्रिस्ती रायाने हत्यार बाळगू नये, अमुक रंगाचे कपडे घालू नयेत, घोड्यावर बसून मिरवू नये असे निर्बंध होते. ह्या यादीचा अर्थ आपल्या वाचकांना समजावून सांगावा लागत नाही.

तरीही घाईने बरोबरी करू नये. राया अस्पृश्य नव्हती. तिच्या सावलीचा कोणाला विटाळ होत नव्हता. तिच्याजवळ जमीन कसायला होती, डुकरांचे कळप होते, स्वतःचे चर्च होते आणि प्रत्येक खेड्याचा स्वतःच्याच जमातीतला मुखिया होता. त्याला 'क्नेज' म्हणत. कर गोळा करणे आणि गावाच्या वतीने बोलणे हे त्याचे काम. आपल्याकडचा पाटील डोळ्यांपुढे आणावा, पण जातीची उतरंड वजा करून.

अठराव्या शतकाच्या अखेरीस बेलग्रेड प्रांतात जानिसारी शिपायांनी धुमाकूळ घातला. सुलतानाने नेमलेला हाजी मुस्तफा पाशा रायाशी बऱ्यापैकी न्यायाने वागत असे. १८०१ मध्ये जानिसारींनी त्याला ठार मारले आणि त्यांच्या चार म्होरक्यांनी प्रांत आपसात वाटून घेतला. ह्या म्होरक्यांना 'दाही' म्हणत. आपल्याविरुद्ध कट शिजतो आहे असा संशय येताच, १८०४ च्या जानेवारी-फेब्रुवारीत त्यांनी सत्तरच्या आसपास क्नेज आणि प्रतिष्ठित माणसे वेचून मारली. जमातीची डोकी उडवली की धड आपोआप आडवे होईल, असा हिशेब होता.

हिशेब चुकला. त्याच फेब्रुवारीत ओराशात्स ह्या गावी उरलेले लोक जमले आणि त्यांनी काराजोर्जे नावाच्या माणसाला पुढारी निवडले. हा कोण? डुकरांचा व्यापारी. त्याआधी ऑस्ट्रियाच्या स्वयंसेवक पथकातला शिपाई. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे एकेकाळचा 'हायदुक'. रानात राहून अंमलदारांना आणि सधनांना लुटणाऱ्या बंडखोराला तिकडे हायदुक म्हणत. तुर्की दफ्तरात तो दरोडेखोर होता, गावच्या गाण्यात तो वीर होता. आपल्याकडच्या नाईकांची जात हीच.

आरंभी हा उठाव सुलतानाविरुद्ध नव्हताच. दाही सुलतानाचे ऐकत नाहीत, आम्ही त्यांच्याविरुद्ध आहोत, असे राया सांगत होती. पण हत्यार हाती आलेली रयत कोणत्याच सुलतानाला परवडत नाही. १८०६ मध्ये मिशारला सर्बांनी सुलतानाच्या बाजूच्या फौजेचा पराभव केला आणि वर्षअखेरीस बेलग्रेड घेतले. तेथे विजेत्यांनी शहरातल्या मुसलमान रहिवाशांची कत्तल केली. सर्बांचे गोडवे गाणारी पुस्तके हे पान भरभर उलटतात. आपण तसे करू नये. १८०९ मध्ये निशजवळ चेगार टेकडीवर सर्ब हरले, तेव्हा तुर्की पाशाने मेलेल्यांच्या कवट्या भिंतीत चिणून मनोरा उभा केला. त्यात ९५२ कवट्या होत्या. मनोरा अजून उभा आहे. आज त्यात ५८ कवट्या उरल्या आहेत. दहशतीसाठी बांधलेली वस्तू तीर्थ होऊन बसली.

पहिला उठाव १८१३ मध्ये चिरडला गेला. दुसरा १८१५ मध्ये मिलोश ओब्रेनोविच याने केला. हा लढण्याइतकाच सौदा करण्यात पटाईत होता. परत आलेल्या काराजोर्जेला त्याने १८१७ मध्ये मारवले आणि त्याचे मुंडके सुलतानाकडे रवाना केले. पुढे १८३० मध्ये स्वायत्तता मिळाली, १८३५ मध्ये सरंजामी हक्क संपले, जमीन कसणाऱ्याची झाली. १८७८ च्या बर्लिन तहाने सर्बिया स्वतंत्र झाला.

आता आपल्या मुलखाकडे. १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि कंपनी सरकार आले. नव्या सरकारने राखणदारीचे जुने हक्क कापले, पोलिसांतील जागा कमी केल्या, सावकाराच्या कागदाला कोर्टाचे बळ दिले. अकोल्याच्या डोंगरांत महादेव कोळी उठले. राघोजी भांगरे याने १८४० नंतरच्या दशकात सावकारांना सळो की पळो केले. २ मे १८४८ रोजी ठाण्यात त्याला फाशी दिले गेले. भिल्लांचा मोठा उठाव १८५७ चा, भागोजी नाईकाचा. भागोजी नगरच्या पोलिसांत नोकरीला होता. १८५५ मध्ये दंग्याच्या आरोपावरून त्याला शिक्षा झाली. सुटल्यावर चांगल्या वर्तनाचा जामीन मागितला गेला, तेव्हा तो गाव सोडून डोंगरात गेला. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या नांदूर-शिंगोटे परिसरात पन्नासेक भिल्ल त्याला मिळाले. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी तेथे पोलीस सुपरिंटेंडेंट लेफ्टनंट हेन्री त्यांच्या गोळीला बळी पडला. दोन वर्षे हा लढा चालला. १८५९ च्या ऑक्टोबरात त्यांनी कोपरगाव तालुक्यातले कोऱ्हाळे लुटले. त्यानंतर ११ नोव्हेंबर १८५९ रोजी सिन्नरच्या मिठसागरला फ्रँक साउटरच्या पथकाने भागोजीला गाठून ठार केले.

ह्या भिल्लांवर सरकारने कोण सोडले? कॅप्टन नटॉल याच्या हाताखाली डोंगरी कोळ्यांचे खास पथक उभारले गेले. ज्यांच्या राघोजीला दहा वर्षांपूर्वी फासावर चढवले, त्यांच्याच हाती बंदूक देऊन त्यांना भिल्लांच्या मागावर पाठवले. काम संपल्यावर १८६१ मध्ये पथक मोडून टाकले. कोळ्यांना दोष देऊन भागणार नाही. पोट आणि प्रतिष्ठा ह्या दोन्हींची उपासमार असली की माणूस सरकारी गणवेशात शिरतो. आपल्या वाडवडिलांना हे चांगले ठाऊक होते.

आणखी एक तुलना येथेच करून टाकतो. १८७५ मध्ये नगर आणि पुणे जिल्ह्यांतल्या कुणब्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जरोखे जाळले. त्यांच्यासाठी चौकशी-आयोग बसला, १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. तक्रार भिल्ल-कोळ्यांचीही तीच होती. त्यांना आयोग मिळाला नाही, पथक मिळाले.

सर्बांचे बंड क्रांती झाले आणि भिल्लांचे बंड दरोडाच राहिले, याचे पहिले कारण भूगोलात आहे. सर्बांना सावा आणि डॅन्यूब नद्यांपलीकडे ऑस्ट्रिया होता, तेथून दारूगोळा येई. १८०६ पासून रशिया तुर्कांशी लढत होता. भिल्लांच्या पाठीशी सह्याद्रीच्या दऱ्या होत्या, आणखी कोणी नव्हते. दुसरे कारण असे की सर्ब त्या खेड्यांत बहुसंख्य होते. आपल्या गावगाड्यात भिल्ल वेशीबाहेर एकटा होता आणि त्याच्याशेजारी वेशीबाहेरच राहणारा महार-मांगही त्याच्याशी जोडलेला नव्हता.

पण साहित्याच्या ह्या त्रैमासिकात मला तिसऱ्या कारणावर थांबावेसे वाटते. वुक काराजिच नावाचा एक लंगडा, गरीब घरचा तरुण पहिल्या उठावात कारकुनी करत होता. उठाव मोडल्यावर तो व्हिएन्नाला गेला आणि खेड्यातली गाणी लिहून काढू लागला. फिलिप विश्निच हा आंधळा गायक गुस्ले नावाच्या तंतुवाद्यावर दाहींविरुद्धच्या उठावाचे गाणे म्हणत असे. १८१५ मध्ये शिशातोवात्सच्या मठात वुकने त्याला बसवून घेऊन ती गाणी उतरून घेतली. वुकने पुरवलेल्या माहितीवर रांके ह्या जर्मन इतिहासकाराने १८२९ मध्ये सर्बांच्या उठावाचा ग्रंथ लिहिला आणि त्याच्या नावातच 'क्रांती' हा शब्द घातला. आपला भागोजी मात्र आपल्याला गॅझेटियरातून भेटतो, म्हणजे ज्यांनी त्याला मारले त्यांच्या अहवालांतून. तेथे त्याचे लोक 'टोळी' आहेत.

ह्या कहाणीची काळी बाजूही पाहिली पाहिजे. स्मृती सत्तेच्या हाती गेली म्हणजे काय होते, तेही सर्बांनीच दाखवले. १९१२ च्या बाल्कन युद्धात कोसोवो सर्बियाकडे आले, तेव्हा तेथील अल्बेनियन खेड्यांवर अत्याचार झाले. २८ जून १९८९ रोजी, कोसोवोच्या लढाईला सहाशे वर्षे झाली त्या दिवशी, मिलोशेविच त्याच मैदानावर लाखोंच्या सभेपुढे बोलला आणि पुन्हा लढाया येऊ शकतात असे सुचवले. सहा वर्षांनी, जुलै १९९५ मध्ये, बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सात सर्ब फौजांनी आठ हजारांहून अधिक मुसलमान पुरुष आणि मुलगे मारले. हा वंशसंहार होता असे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००७ मध्ये म्हटले. कवट्यांच्या मनोऱ्यापुढे मान झुकवणाऱ्या समाजातले लोक दुसऱ्यांसाठी सामूहिक खड्डे खणत होते.

आपणही दर १ जानेवारीला कोरेगावच्या स्तंभाकडे जातो. बाबासाहेब १९२७ साली तेथे गेले, तेव्हापासून त्या दगडाला नवा अर्थ आला. त्यावरची 'नाक' शेवट असलेली नावे वाचताना ऊर भरून येतो आणि तो यावाच. पण तो स्तंभ कंपनीने उभारला होता, आणि त्याच कंपनीच्या राज्यात, चाळीस वर्षांच्या आत, भागोजी मिठसागरला पडला. कोरेगाव सांगताना मिठसागर सांगायचे की नाही हे आपल्याला ठरवावे लागेल. मला विचाराल तर दोन्ही एका बैठकीत सांगावे.

राहुरी, नेवासे, श्रीरामपूर, कोपरगाव ह्या तालुक्यांतल्या ऊसपट्ट्यात भिल्ल वस्त्या आजही आहेत. तेथल्या मुलांपैकी काही आता कॉलेजात येतात. माझी ह्या मुलांना आणि त्यांच्या शिक्षकांना विनंती आहे की सुटीत घरी गेल्यावर वस्तीवरच्या सर्वांत म्हाताऱ्या माणसापाशी बसावे. भागोजीचे नाव घेऊन सुरुवात करू नये; राखणदारीचे काम कोणत्या गावाचे होते, ते कधी सुटले, कोणती विहीर टाळतात, लग्नात आणि देवाच्या कार्यात कोणाची गाणी म्हणतात, हे आधी विचारावे. जे सांगितले जाईल ते त्यांच्याच बोलीत, शुद्ध न करता, उतरवावे आणि वर गाव व तारीख घालावी.