सुकी खुंटी

खर्डी सोडली की कसारा लोकलचं शेवटून दुसरं स्थानक उंबरमाळी. भाताची झोडणी उरकली की या शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात राबाची, म्हणजे भाताच्या वाफ्यात भाजायच्या फांद्यांची, तोड सुरू होते. गेल्या पौषात मी इथे ऐनावर चढायला शिकलो.

शिकवणारे बाबा सत्तरीच्या पुढचे. आधी त्यांनी झाड ओळखायला लावलं. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटींनी फुटलेली असते. पान उलटं केलं की देठापाशी बारीक गाठी बोटाला लागतात. मग म्हणाले, "पायातलं काढ." सालीच्या भेगेत अनवाणी पाऊल बसतं, चप्पल सटकते. कोयता कमरेच्या आकडीत, पाठीमागे. दोन हात, दोन पाय. एका वेळी एकच हलवायचा, बाकीचे तीन धरून.

दोन पुरुष उंची चढलो आणि घाई केली. एका जुन्या खुंटीवर पाय दिला, ती काडकन मोडली. छाती सालीवर खरवडली. हात पक्के होते म्हणून वाचलो. उतरलो तेव्हा बाबांच्या हातात तीच खुंटी होती. वरून साल धड, आत नुसता भुसा. "कुणीतरी हातभर ठेवून तोडली," ते म्हणाले. "झाडाला ती झाकता येत नाय."

मग खरा धडा झाला. फांदी खोडातून निघते तिथे सालीची एक फुगीर कड असते. बाबांनी माझं बोट धरून तिच्यावरून फिरवलं. घाव त्या कडेला लागून, पण बाहेर. कडेत घुसला तर खोड उघडं पडतं. लांब राहिला तर खुंटी सुकते आणि कूज आत शिरते. अमेरिकेच्या वनखात्यातले अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडं चिरून हेच दाखवलं: झाड कुजलेला भाग दुरुस्त करत नाही, त्याच्याभोवती भिंत घालतं आणि वरून नवी साल ओढून घेतं. ती साल त्या कडेतूनच येते. मनगटाएवढी फांदी असेल तर पहिला घाव खालून द्यायचा; नाहीतर ती वजनाने वाकते आणि खोडाची साल सोलत खाली जाते. शेंड्याला हात लावायचा नाही.

तोडलेल्या फांद्यांचा हा टहाळ वाळवून शेणावर पसरतात, त्यावर पातेरा, गवत आणि वर चाळल्यासारखी बारीक माती. पावसाच्या तोंडावर तो वाफा सावकाश भाजतात. तण आणि किडे जळतात, राख मिळते, आणि त्यातच भाताचं रोप उठतं. हा टहाळ किती महत्त्वाचा होता ते जुन्या कागदांत दिसतं: ठाणे-कुलाब्यातल्या लोकांच्या जंगलाविषयीच्या तक्रारी ऐकायला मुंबई सरकारने १८८५ साली आयोग नेमला, आणि त्याच्या १८८७ च्या अहवालात राबाची चर्चा आहे.

राबाने रानं बोडकी होतात, असा आक्षेप आहे. तो पूर्ण खोटा नाही. पण दोष टहाळाचा नाही, तोडण्याच्या पद्धतीचा आहे. बाबांच्या घरी एक ऐन लागोपाठ दोन वर्षं तोडत नाहीत; मधलं वर्ष त्याला फुटायला असतं. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत ऐन आहे, किंजळही आहे. म्हणजे ही झाडं परवानगीशिवाय पाडता येत नाहीत. त्यांच्याकडून पिढ्यान् पिढ्या पाला घ्यायचा असेल तर तोडणाऱ्याचा हात शिकलेला हवा. आज हे शिकायला येणारी पोरं फार थोडी, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

यंदा पुन्हा त्याच ऐनावर गेलो, तोडायला नव्हे, घाव बघायला. माझ्या पाच घावांपैकी चार घावांच्या कडेने नव्या सालीचं गोल वेटोळं आलं होतं. पाचवा मी चार बोटं लांब ठेवला होता. तो सुकला होता. कोयता काढला आणि तेवढा तो कडेपाशी साफ केला.