जरीपटक्यातून भारतीय होताना

फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी नागपुरात जरीपटका वसवला. पाकिस्तानातून हिंदू कुटुंबं नंतरही येत राहिली; दीर्घ मुदतीच्या व्हिसावर त्यांची वर्षानुवर्षं गेली. १९५५च्या नागरिकत्व कायद्यात त्यांना मुख्यतः दोन वाटा होत्या. स्वतःचा किंवा आईवडिलांपैकी एकाचा जन्म अखंड भारतात झाला असेल, तर ७ वर्षांच्या वास्तव्यानंतर नोंदणी. तसं नसेल, तर अर्जाआधीचं सलग एक वर्ष आणि त्याआधीच्या १४ वर्षांतली एकूण ११ वर्षं इथे काढायची. तरुणपणच सरतं यात! २०१९च्या दुरुस्तीने ही ११ वर्षं पाचांवर आणली, पण ३१ डिसेंबर २०१४पर्यंत आलेल्या ठरावीक धर्मीयांसाठीच. माझ्या मते खरा दिलासा त्याआधीचा: डिसेंबर २०१६मध्ये केंद्राने देशातल्या १६ जिल्हाधिकाऱ्यांना नागरिकत्व देण्याचे अधिकार दिले. त्यांत नागपूरचेही होते, त्यामुळे निर्णय दिल्लीऐवजी गावातच होऊ लागला.

उलट दिशेने, म्हणजे भारतातून परदेशी जाणाऱ्यांनीही कायदा पाहावा. उदाहरणार्थ, केनियात ७ वर्षांच्या सलग कायदेशीर वास्तव्यानंतर नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. केनियाला दुहेरी नागरिकत्व चालतं, भारताला नाही. स्वेच्छेने तिथलं नागरिकत्व घेतलं, की आपल्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९नुसार भारतीय नागरिकत्व संपतं.