यंत्राचा ठेका, माणसांची मेहनत

डिस्को म्हटलं की व्हायोलिनचा ताफा आणि ट्रम्पेटची ललकारी आठवते. १९७७ साली म्युनिकमध्ये तयार झालेल्या डॉना समरच्या ‘आय फील लव्ह’मध्ये यातलं काहीच नाही. तिचा आवाज आणि एक ड्रम सोडला, तर बाकी सगळं मूग सिंथेसायझरमधून आलेलं आहे. म्हणून लोक त्याला ‘यंत्राचं गाणं’ म्हणतात. मी ते जितकं लक्ष देऊन ऐकतो, तितके मला त्यात राबलेले हात दिसतात.

निर्माते होते जॉर्जो मोरोडर आणि पीट बेलट. ‘आय रिमेंबर यस्टरडे’ या अल्बममध्ये त्यांनी निरनिराळ्या दशकांच्या धाटणीची गाणी केली होती. शेवटचं गाणं उद्याच्या काळाचं हवं होतं, आणि त्यासाठी मोरोडरना वाद्यवृंद नको होता. कपाटाएवढा तो मूग संगीतकार एबरहार्ड शोनर यांच्या मालकीचा होता आणि तो खऱ्या अर्थाने कळत होता त्यांचा सहायक रॉबी वेडेल याला. सोळा ट्रॅकच्या टेपवर एका ट्रॅकमध्ये वेडेलने फक्त तालाची खूण भरून ठेवली. त्यानंतर भरलेला प्रत्येक सूर त्या खुणेला बांधला गेला आणि थर कितीही चढले तरी ताल हलला नाही.

सूर मात्र हलत होता. मूग वीस-तीस सेकंद वाजला की उतरायचा किंवा चढायचा. मग टेप थांबवायची, सूर लावायचा, पुढचा तुकडा भरायचा. मैफलीत गवई मधूनच तानपुरा जुळवून घेतो, तसंच हे. फक्त इथे अर्ध्या अर्ध्या मिनिटाला. पावणेसहा मिनिटांहून लांब असलेलं हे अखंड वाटणारं गाणं अशा तुकड्यांनी उभं राहिलं आहे.

त्याची सगळ्यात सुंदर करामत हेडफोनवर कळते. सुरुवातीची बेसची धून दोन्ही कानांनी ऐका. ती थरथरत, धावत असल्यासारखी वाटते. आता उजवा कान मोकळा करा. डाव्या कानात राहते ती साधी, जरा संथ धून. डावा काढून उजवा लावा: तीच धून, पण किंचित उशिरा आलेली. दोन्ही एकत्र आल्या की एकीच्या फटीत दुसरीचे सूर बसतात आणि वेग दुप्पट झाल्यासारखा भासतो. तो वेग कुणी वाजवलेलाच नाही, तो आपल्या दोन कानांच्या मधे तयार होतो. मला हे कळलं तेव्हापासून मी ही धून पूर्वीसारखी ऐकूच शकलेलो नाही.

झांजेसारखा ‘स्स्’ आवाजही मूगचाच, खरखरीचे छोटे तुकडे कापून केलेला. पण बेस ड्रमचा भरीव धक्का काही त्यातून मनासारखा निघेना. अखेर कीथ फोर्सी ड्रमवर बसला आणि तो धक्का त्याने पायाने दिला. यंत्राइतकं अचूक, पूर्ण गाणंभर. आणि या सगळ्यावर समरने नेहमीचा भरदार आवाज बाजूला ठेवून हलका, तरंगता स्वर लावला. त्या स्वराशिवाय खालची सगळी कारागिरी कोरडी राहिली असती.

अमेरिकेत हे गाणं आधी दुसऱ्याच एका गाण्याच्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला आलं. ब्रिटनमध्ये मात्र ते चार आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. पुढे टेक्नो आणि हाउस संगीत ज्या वाटेने गेलं, ती वाट इथूनच निघते. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनेही ते जतन करण्याच्या यादीत घेतलं.

आज असा ठेका संगणकावर कुणालाही काही मिनिटांत जमवता येतो, आणि ते चांगलंच आहे. पण हे गाणं लावाल तेव्हा गायिकेइतकीच दाद रॉबी वेडेलच्या कानाला आणि कीथ फोर्सीच्या पायालाही द्या. त्यांचा तो हक्क आहे.