सिबिलच्या वहीतून नाव काढता येते काय?



आडसाली लागणीच्या नोंदी घेत गटातून हिंडत असताना एका सभासदाने आम्हाला बांधावरच अडवले. को ८६०३२, साडेचार फुटी सरी, क्षेत्र तीस गुंठे, एवढे टिपून आम्ही वही मिटत होतो. तेवढ्यात ते म्हणाले, "साहेब, एक विचारू का? माझं नाव त्या सिबिलातनं काढून घ्यायचं हाय. अर्ज कुठं करायचा? तुमच्याकडं, का सोसायटीत?"

आम्हाला प्रथम हसू आले, हे कबूल केले पाहिजे. पण आण्णा हसत नव्हते. त्यांना ट्रॅक्टर घ्यायचा होता. कोटेशन झाले, सातबारा-आठ अ देऊन झाले आणि शेवटी "सिबिल बसत नाही" म्हणून कागद परत आले. शिवाय कर्ज देतो म्हणून रोज चार-पाच फोन. ज्यांच्याकडे मागितले ते देत नाहीत आणि ज्यांना ओळखत नाही ते घ्या घ्या म्हणून मागे लागलेले! त्यांचा भाचा अमेरिकेत नोकरीस आहे. त्याने फोनवर सांगितले की तिकडे एका नंबरावर कळवले की आपली माहिती बँकांना देणे बंद होते. "तिकडं हुतं, मग हिकडं का न्हाई?" असा आण्णांचा सवाल.

आमचे शिक्षण शेतकी डिप्लोमाचे. माती, पाणी, खत, बेणे हा आमचा विषय. तरी प्रश्न मनात राहिला, कारण असेच गाऱ्हाणे निरनिराळ्या गटांतून अलीकडे कानावर येते. म्हणून जाणकारांना विचारून व कायदा वाचून जे हाती आले ते येथे देत आहोत.

पहिली गोष्ट म्हणजे सिबिल हे एका कंपनीचे नाव आहे. वनस्पती तुपाला आपण सरसकट डालडा म्हणतो, तसेच हे झाले. सिबिल ही कंपनी २००० साली मुंबईत स्थापन झाली. पुढे २००५ साली संसदेने पतमाहिती कंपन्यांचा कायदा केला आणि आज अशा चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि क्रिफ हाय मार्क. या कंपन्या स्वतः कोणाला कर्ज देत नाहीत आणि कोणाचे नामंजूरही करीत नाहीत. बँका, सहकारी बँका, फायनान्स कंपन्या यांनी आपापल्या कर्जदारांचा हिशेब यांच्याकडे पाठवावयाचा, यांनी तो एका वहीत मांडावयाचा आणि ३०० ते ९०० च्या दरम्यान एक आकडा द्यावयाचा. पूर्वी हा हिशेब महिन्याने जाई. १ जानेवारी २०२५ पासून तो निदान पंधरवड्याने तरी गेलाच पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा हुकूम झाला.

सोसायटीच्या सचिवाला गावातली प्रत्येकाची पत तोंडपाठ असते. कोणाचे पाऊस न झाल्याने राहिले आणि कोणाचे लग्नात गेले, हेही त्याला ठाऊक असते. मुंबईच्या वहीला यातले दुसरे ठाऊक नसते. तिला फक्त तारीख आणि रक्कम कळते.

या वहीत आपण घेतलेल्या कर्जाबरोबरच आपण ज्याला जामीन राहिलो त्याचे कर्जही आपल्या नावाखाली दिसते. आपल्याकडे भावकीत, पाहुण्यात, "सही कर रे" म्हटले की आपण सही करतो. ती सही अशी लांब जाऊन बसते. माहिती किमान सात वर्षे ठेवावी असा नियम आहे, म्हणजे सही विसरली तरी वही विसरत नाही.

आता भाच्याच्या अमेरिकेकडे येऊ. हा धंदा तिकडे फार जुना. १८९९ साली अटलांटा शहरात वुलफर्ड आडनावाच्या दोघा भावांनी गिऱ्हाइकांची पत नोंदवून व्यापाऱ्यांना पुरविणारी कंपनी काढली. तीच पुढे १९७५ मध्ये इक्विफॅक्स झाली, म्हणजे वर नावे दिली त्या चारांतलीच एक. वर्षानुवर्षे लोकांना न विचारता त्यांच्याविषयी लिहून ठेवले जाई आणि त्यात काय लिहिले आहे हे ज्याचे त्यालाच कळत नसे. त्यावर ओरड झाली आणि १९७० साली तेथे कायदा झाला. त्या कायद्याने आपल्याबद्दलची नोंद पाहण्याचा आणि चूक असल्यास तक्रार करण्याचा हक्क लोकांना मिळाला. पण तेथील कंपन्या आणखी एक व्यवहार करतात. अमुक पतीची माणसे निवडून त्यांच्या याद्या बँकांना व विमा कंपन्यांना विकावयाच्या, आणि मग त्या बँकांनी घरोघर "तुम्हाला कर्ज मंजूर" अशी पत्रे धाडावयाची. या यादीतून आपले नाव काढून घेण्याची सोय १९९६ च्या दुरुस्तीने झाली. फोनवर कळवले तर पाच वर्षांपुरते नाव निघते. कायमचे काढावयाचे तर सही केलेला फॉर्म टपालाने पाठवावा लागतो.

तेव्हा भाच्याने सांगितले ते खोटे नव्हे, पण अर्धे. त्याचे नाव वहीत आहे तसेच आहे. तो घर घ्यायला बँकेत गेला तर बँक वही उघडणारच. त्याने फक्त आपले नाव असलेली यादी बाजारात विकू नका एवढे सांगितले. त्याच्यापुढची पायरी म्हणजे वहीलाच कुलूप घालणे. तशी सोय तिकडे २०१८ पासून फुकट आहे. कुलूप घातले की आपण उघडल्याशिवाय नव्या सावकाराला पाने दिसत नाहीत. हे फुकट होण्यामागे मोठा ठेचा आहे. २०१७ साली इक्विफॅक्सच्या संगणकातून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीस गेली. ज्यांनी त्या कंपनीत कधी पाऊल टाकले नव्हते, त्यांची!

आपल्याकडे काय? आण्णांच्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की नाही, नाव काढता येत नाही. बँकेने माहिती पाठवलीच पाहिजे असे कायदाच सांगतो, तेथे आपली संमती विचारली जात नाही. आम्हाला स्वतःला हे योग्यच वाटते. नाव काढण्याची खिडकी उघडली तर पहिल्या दिवशी रांगेत कोण उभे राहील, हे ज्यांनी सोसायटीची वार्षिक सभा पाहिली आहे त्यांना सांगायला नको.

पण वही वेगळी आणि आपण आपल्या हाताने वाटत सुटलेली माहिती वेगळी. फोन येतात ते पुष्कळदा या दुसरीमुळे. मोबाईलवर "तुमचा सिबिल मोफत पाहा" असे येते. आपले पोर "मान्य" दाबते. त्या मान्यतेत अहवाल मागवण्याची परवानगी असतेच, पण भागीदार संस्थांना माहिती देण्याचीही असते बरेचदा. मोफत आकडा दाखवून ते गिऱ्हाईक मिळवितात, एवढाच त्यातला धर्मादाय! अशी संमती देणे आपल्यावर बंधनकारक नाही आणि दिलेली परत घेता येते. झटपट कर्जाच्या ॲपांबद्दल तर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्येच नियम घातले. कर्जदाराच्या फोनमधली नावांची यादी, कोणाला फोन केले त्याची नोंद, फोटो-फाइली यांना ॲपने हात लावावयाचा नाही. कोणती माहिती द्यायची, कोणती नाही, तिसऱ्याला द्यायची की नाही, हे कर्जदाराने ठरवावयाचे, आणि दिलेली माहिती पुसून टाका असेही त्याला सांगता येते. तेव्हा एखादे ॲप फोनमधील नावे मागू लागले तर ते नियमाबाहेरचे आहे असे समजून तेथेच थांबावे. जाहिरातीचे फोन बंद करण्यासाठी १९०९ हा नंबर आहे. त्यावर आपला मोबाईल नोंदवावा. सगळे फोन थांबतील असे मात्र आम्ही म्हणणार नाही. आम्ही नोंदवला आहे. कमी झाले, संपले नाहीत. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ साली झाला व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. त्यातली मुख्य कलमे नियम निघाल्यापासून अठरा महिन्यांनी लागू व्हावयाची असे ठरलेले आहे.

आण्णांचे पुढे काय झाले ते सांगतो. चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट द्यावा, असा नियम १ जानेवारी २०१७ पासून आहे. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने आकडा कमी होत नाही. ही भीती पुष्कळांच्या मनात आहे ती काढून टाकावी. त्यांच्या सूनबाई बी. कॉम. झालेल्या. आम्ही, आण्णा आणि सूनबाई असे तिघे गट ऑफिसात बसलो आणि तो अहवाल काढला. त्यात दोन नोंदी वाईट निघाल्या.

पहिली एका बँकेच्या पीककर्जाची. थकीत म्हणून दाखवलेली. आण्णा उसळलेच. "माझ्या बिलातनं कापून घेतलंय की ओ!" खरोखरच त्या हंगामाच्या ऊसबिलातून वसुली झाली होती, आमच्या हिशेब खात्याच्या यादीत रक्कम व तारीख सापडली. बेबाकीचा दाखलाही त्यांच्या ट्रंकेत होता, थोडा वाळवीने खाल्लेला. यादीचा उतारा व दाखल्याची प्रत जोडून सूनबाईंनी तक्रार दाखल केली. पतमाहिती कंपनी मनाने खोडाखोड करीत नाही, ती बँकेला विचारते. पण तीस दिवसांत निकाल लागलाच पाहिजे. न लागला तर पुढे दर दिवसाला १०० रुपये तक्रारदारास द्यावयाचे, असा नियम २०२४ च्या एप्रिलपासून लागू झाला आहे. चोविसाव्या दिवशी नोंद दुरुस्त होऊन आली. उत्तर मिळाले नाही वा पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. तेथे फी नाही.

दुसरी नोंद जामीनकीची. मेहुण्याच्या मोटारसायकलीला आण्णांनी सही दिली होती आणि मेहुण्याने आठ हप्ते बुडवले होते. आण्णा बराच वेळ गप्प बसले. "हे पण खोडा की," असे ते सूनबाईंना म्हणाले खरे, पण स्वतःलाच ते पटत नव्हते. ती नोंद खरी होती, तिला तक्रार चालत नाही. मेहुण्याच्या घरी जाऊन काय बोलणे झाले ते आम्हाला माहीत नाही. आमच्या ऐकण्यात एवढे आले की चार हप्ते भरले गेले. ट्रॅक्टर अजून आलेला नाही.

या निमित्ताने आमच्याच घरातले एक सांगितले पाहिजे. तोडणी कार्यक्रमाची यादी आमच्या गट ऑफिसच्या भिंतीवर लागत असे. नाव, क्षेत्र, मोबाईल नंबर, बँक खाते, सारे त्यात. सोय म्हणून लावलेली. आण्णांच्या प्रकरणानंतर एके दिवशी कोणी अनोळखी इसम त्या यादीचा फोटो घेताना आमच्या चिटबॉयने पाहिले. फोन कोणाकोणाला येतात याचा शोध आम्ही दूर दूर घेत होतो आणि आमची भिंतच उघडी होती! ती यादी काढली आहे. आता सभासद क्रमांक, गट नंबर आणि तोडणीची तारीख एवढेच लागेल. नोंदीच्या वेळी घेतलेली आधारची झेरॉक्स आमच्याकडे कोठे पडते, हेही आम्ही तपासत आहोत.

आणखी एक. कोणी आपला अहवाल मागवला की त्याचा संदेश मोबाईलवर आला पाहिजे असा नियम आहे. पण बँकेत नंबर कोणाचा आहे? पुष्कळांचा जुना, बंद पडलेला, नाहीतर पुण्यास गेलेल्या पुतण्याचा. तो आधी बदलून घ्यावा. तसेच एकरकमी तडजोडीत कर्ज मिटवले असेल तर वहीत ते "पूर्ण फेडले" असे नव्हे, "तडजोडीने मिटले" असेच लागते, हे सही करण्याआधी बँकेला विचारून घ्यावे. पीककर्जासाठी सिबिलचा आग्रह धरू नये असे राज्य सरकारने बँकांना बजावलेले आहे. तरी कोणी अडवत असेल तर तसे लेखी मागावे.

ज्यांना अहवाल काढावयाचा आहे त्यांनी दर मंगळवारी दुपारी तीननंतर आपल्या गट ऑफिसात यावे. येताना पॅन कार्ड, बेबाकीचे जुने दाखले आणि बँकेत नोंदवलेला मोबाईल सोबत आणावा. मोबाईलवर जो ओटीपी येईल तो स्वतः टाकावा. आम्हालाही सांगू नये.